जमाखर्चाची वही

पर्यावरणाचे रक्षण म्हणजे काहीतरी मोठे आणि अवघड काम, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात घरातल्या नळापासून, पिशवीपासून आणि ताटापासून होते. प्रस्तुत पाठात लेखकाने जानेफळ आणि बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील उदाहरणे देऊन रोजच्या साध्या सवयींचा हिशेब मांडला आहे.

उन्हाळ्याचे दिवस होते. शाळा सकाळची झाली होती. नववीच्या वर्गातील एक मुलगी आठवड्यातून तीन-चार दिवस उशिरा येई. हजेरी संपली की ती दारात येऊन उभी राही. एक दिवस मी तिला रागावलो. "वेळेवर यायला काय होते?" असे सर्वांसमोर विचारले. ती मान खाली घालून उभी राहिली. काही बोलली नाही. तेव्हा तिची मैत्रीण उठून म्हणाली, "सर, तिच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही. ती पहाटे उठून मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणते. मग शाळेत येते."

मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली. मी तिला आत बसायला सांगितले; पण त्या तासाला शिकवण्यात माझे लक्ष लागले नाही.

आमच्या शाळेत हात धुण्याच्या जागी एक नळ होता. त्याचा वॉशर झिजला होता. नळ कितीही घट्ट बंद केला तरी पाण्याची बारीक धार चालूच राही. ती धार मी रोज पाहत होतो. मुलेही पाहत होती. कोणालाच त्यात विशेष काही वाटत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासापूर्वी मी त्या नळाखाली एक रिकामी बालदी ठेवली. शाळा सुटली तेव्हा बालदी काठोकाठ भरली होती. मुले भोवती जमली. त्या मुलीने बालदीकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "सर, ही माझी एक फेरी आहे."

तिचा हंडा आणि आमची बालदी सारख्याच मापाची होती. दोन्हींत सुमारे १५ लीटर पाणी मावत होते. जेवढे पाणी आणण्यासाठी ती पहाटे शेतापर्यंत चालत जाई, तेवढे पाणी शाळेच्या वेळात आमच्या डोळ्यांसमोर वाहून जात होते. त्याच दिवशी आम्ही नळाचा वॉशर बदलला. चहाच्या एका कपाएवढाच खर्च आला.

त्या दिवसापासून वर्गात एक वही सुरू झाली. तिच्यावर मुलांनी नाव लिहिले, 'जमाखर्च'.

मुलांनो, 'जमा' आणि 'खर्च' हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूत आणि मराठीत ते सारख्याच अर्थाने वापरले जातात. दुकानदार जमाखर्च लिहितो. बचत गटातल्या बायका जमाखर्च लिहितात. पैसा किती आला आणि किती गेला, हे प्रत्येक घरात कोणाला तरी ठाऊक असते. पण आज घरात किती पाणी आले, किती सांडले, किती कचरा बाहेर गेला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून तेथे उधळपट्टी झाली तरी ती दिसत नाही. जे मोजले जात नाही, ते जपलेही जात नाही. पर्यावरणाला जपायचे असेल तर आधी मोजायला शिकले पाहिजे.

पाण्यापासूनच सुरुवात करू.

आपल्याकडे पावसाळ्यात पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी आटतात. असे का होते? आपल्या काळ्या मातीखाली काळा कठीण खडक आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडलेला लाव्हा थंड होऊन हा खडक तयार झाला. वाळूत किंवा गाळात जसे पाणी मुरते, तसे या खडकात मुरत नाही. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढेच पाणी साठते. बाकीचे पाणी नाल्यांतून वाहून जाते. म्हणजे आपल्या जमिनीची तिजोरी लहान आहे. ज्याची तिजोरी लहान, त्याने खर्च जपून करावा, हे सांगायला नको.

हा हिशेब एका अख्ख्या गावाने करून दाखवला आहे. त्या गावाचे नाव हिवरे बाजार. ते आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. तेथे पाऊस आपल्यापेक्षा बराच कमी पडतो. एके काळी पाण्याअभावी तेथील लोक गाव सोडून मजुरीसाठी बाहेर जात होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले. डोंगरउतारावर चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. झाडे तोडण्यावर आणि गुरे मोकाट चारण्यावर बंदी घातली. पाणी जमिनीत मुरू लागले. पण गावकरी तेवढ्यावर थांबले नाहीत. ते पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. यंदा पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, पिण्यासाठी आणि गुरांसाठी किती लागेल, हे ते आधी पाहतात. उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते मग ठरवतात. ज्या वर्षी जमा कमी, त्या वर्षी खर्च कमी. भरपूर पाणी पिणारी पिके त्यांनी टाळली आणि शेतीसाठी खोल बोअर घेण्यासही मनाई केली. हिवरे बाजारचे पाणी ढगांनी वाढवले नाही, हिशेबाने वाढवले.

जे एका गावाला जमते, ते एका घरालाही जमते. आमच्या वहीत पहिला हिशेब ठिबकणाऱ्या नळाचा आहे. नळातून दर सेकंदाला एक थेंब पडतो असे समजा. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे तेवढेच थेंब. साधारण २० थेंबांचे एक मिलिलीटर होते. म्हणजे दिवसाला ४ लीटरहून अधिक पाणी गेले. महिन्याला ते सुमारे १३० लीटर होते. मुलांनी त्याला १५ ने भागले आणि वहीत लिहिले, 'जवळजवळ नऊ फेऱ्या'. तेव्हापासून आमच्या वर्गात पाणी लीटरमध्ये मोजत नाहीत, फेऱ्यांमध्ये मोजतात. लीटर म्हटले की आकडा दिसतो. फेरी म्हटले की डोक्यावर हंडा घेतलेली आई किंवा बहीण दिसते.

दुसरा हिशेब तुम्ही घरी करा. नळाखाली बालदी ठेवा आणि नळ चालू ठेवून दात घासा. बालदीत किती पाणी जमा झाले ते पाहा. दुसऱ्या दिवशी तांब्यात पाणी घेऊन दात घासा. तसेच वजूचे. नळ मोकळा सोडून वजू केला तर किती पाणी जाते ते मोजा आणि मग लोट्याने वजू करून पाहा. लोटाभर पाण्यात वजू नीट होतो. वाहत्या नदीच्या काठी बसलो तरी वजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग दिवसाआड येणाऱ्या नळाच्या पाण्याचे काय सांगावे!

एका पाण्याकडून दोन कामे करून घेणे, ही तिसरी सवय. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ जुनी पाणचक्की आहे. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून तेथे आणले होते. ते पाणी आधी चक्की फिरवी, त्यावर धान्य दळले जाई आणि मग तेच पाणी हौदात जमा होई. आपणही हे करू शकतो. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी झाडाला घालावे. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी फरशी पुसायला किंवा संडासात टाकायला वापरावे. त्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. नालीजवळ एक बालदी ठेवावी लागते, एवढेच.

चौथा हिशेब ऐकून मुले थक्क झाली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी होते. समजा, तुमच्या घराचे छप्पर ५० चौरस मीटर आहे आणि पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस पडला. त्या एका छपरावर ३५,००० लीटर पाणी पडले! त्यातले अर्धे वाया गेले असे धरले, तरी उरलेल्या पाण्याच्या अकराशेहून अधिक फेऱ्या होतात. हे पाणी आपण पन्हळीतून गल्लीत सोडून देतो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून घ्यावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी जाऊ द्यावे. नंतरचे पाणी पाइपाने टाकीत घ्यावे. ते धुण्या-भांड्याला उपयोगी पडते. टाकी नसेल तर अंगणात खड्डा खोदून त्यात दगड, खडी आणि वाळू भरावी आणि पाणी तेथे मुरू द्यावे. आपल्या जमिनीच्या लहान तिजोरीत तेवढीच भर पडते.

आता कचऱ्याकडे वळू.

'कचरा बाहेर फेकून ये', असे आपण घरात ऐकतो. पण 'बाहेर' म्हणजे कोठे? घराबाहेर गल्ली आहे. गल्लीच्या शेवटी नाली आहे, नालीपुढे नाला आहे आणि नाल्यापुढे नदी आहे. आपला जिल्हा या बाबतीत मोठा विलक्षण आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागातील पाणी पूर्णा नदीत जाते. ही पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेला मेहकरजवळून पैनगंगा वाहते. ती वर्धेला मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्याचे पाणी देशाच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांना जाऊन मिळते. त्या पाण्याबरोबर आपण टाकलेली पिशवीही निघते. वाटेत ती कोठे अडकते, कोठे मातीत गाडली जाते, तर कोठे गाईच्या पोटात जाते. ती कुजत मात्र नाही. उन्हाने तिचे बारीक बारीक तुकडे होतात, पण तिची माती होत नाही. म्हणून 'बाहेर' नावाची जागा जगात कोठेच नाही. आपण ज्याला बाहेर म्हणतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी घर असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाने पूर आलाच असता. पण कचऱ्याने आणि प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांमुळे संकट वाढले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही आठवडी बाजारात पातळ पिशव्या दिसतात. याचे कारण सोपे आहे. दुकानदार पिशवी देतो, कारण आपण रिकाम्या हाताने जातो.

म्हणून बाजाराला जाताना कापडी थैली न्यावी. ती नवी विकत घेऊ नये. नवे कापड तयार करायलाही पाणी आणि वीज लागतेच. जुन्या सलवारीची, चादरीची किंवा पोत्याची थैली घरी शिवावी आणि ती फाटेपर्यंत वापरावी. मांस-मासळीसाठी झाकणाचा डबा न्यावा. आमच्या आजीच्या घरी असा डबा खुंटीजवळ ठेवलेला असे. तिला पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता. पण जुन्या कपड्यांची गोधडी, भांडी घासायला चुलीची राख, जेवणावळीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी, या सगळ्या सवयी तिच्याकडे होत्या. तिच्या घरातून फेकायला फारसे काही निघतच नसे.

घरातला कचरा दोन ठिकाणी ठेवावा. भाजीची देठे, साली, उरलेले अन्न हा ओला कचरा. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हा सुका कचरा. ओला कचरा अंगणातल्या खड्ड्यात टाकून त्यावर माती किंवा कुटार पसरावे. काही महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. सुका कचरा भंगारवाल्याला द्यावा. दोन्ही एकत्र केले की दोन्ही वाया जातात. खतात काच येते आणि कागद सडतो. प्लास्टिक कधीही जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो आणि तो आधी आपल्याच घरातल्या लहान मुलांच्या छातीत जातो. बकरी ईदला कुर्बानीनंतरचे अवशेष नालीत किंवा उघड्यावर टाकू नयेत. ते खोल खड्ड्यात पुरावेत किंवा ग्रामपंचायतीने नेमून दिलेल्या जागी द्यावेत. आपल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी गल्ली स्वच्छ दिसली, तर शेजाऱ्यांनाही आपल्या सणाचा आनंद वाटतो.

विजेचा हिशेबही कठीण नाही. रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा एक पंखा रोज चार तास फिरत राहिला, तर महिन्याला ९ युनिट वीज फुकट जाते. ६० वॅटचा पिवळा दिवा रोज पाच तास जळला तरी तेवढीच वीज लागते. त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला तर दीड युनिटही लागत नाही आणि उजेड जवळपास तेवढाच पडतो. ही वीज तारेतून येते म्हणून आपल्याला ती स्वच्छ वाटते. पण शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे जा. तेथे कोळसा जाळून वीज तयार होते. एक युनिट विजेसाठी अर्धा किलोहून अधिक कोळसा जळतो. धूर आणि राख मागे राहते. त्या धुरातील कार्बन डायऑक्साइड हवेत साठून पृथ्वीचे तापमान वाढते. आपण बटण बंद करतो तेव्हा कोठेतरी मूठभर कोळसा जमिनीतच राहतो. तसेच जवळच्या कामाला मोटारसायकल न काढता पायी किंवा सायकलने गेले, तर पेट्रोल वाचते आणि शरीरही चांगले राहते.

अन्नाचा हिशेब मात्र सर्वांत जुना आहे. लग्नाच्या दावतीत ताटात किती अन्न उरते ते पाहा. एका मूठभर भातामागे शेतकऱ्याची कित्येक दिवसांची मेहनत असते, पाणी असते, खत असते, चुलीतले सरपणही असते. ताटातला भात फेकला की हे सगळे त्याच्याबरोबर फेकले जाते. लागेल तेवढेच वाढून घ्यावे आणि ताट पुसून स्वच्छ करावे, ही दस्तरखानावरची जुनी रीत आहे. तीच पर्यावरणाचीही रीत आहे.

हे सगळे ऐकून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मी एकट्याने नळ बंद केला तर काय फरक पडणार?" प्रश्न योग्य होता. मी त्याला लोणारची गोष्ट सांगितली.

लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यात आहे. उल्का आदळून तयार झालेले हे खारट पाण्याचे सरोवर जगात प्रसिद्ध आहे. या उल्काविवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी दिसू लागले. लोक पाहायला धावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासले. उन्हाने पाणी कमी झाले होते आणि त्यातील खारटपणा वाढला होता. अशा पाण्यात वाढणारे अतिसूक्ष्म जीव खूप वाढले. त्यांच्या अंगी गुलाबी रंग असतो. पावसाळा आल्यावर रंग पुन्हा बदलला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारचा समावेश पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत झाला. आता विचार करा, त्यातला एक जीव डोळ्यांना दिसतही नाही. पण असंख्य जीव एकत्र आले, तेव्हा संपूर्ण सरोवराचा रंग बदलला. सवयींचेही तसेच आहे. एकाची सवय दिसत नाही. गावाची सवय दिसते.

पण आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली. सगळेच काही एकट्याच्या सवयीने होत नाही. घरातला नळ आपण दुरुस्त करू शकतो. रस्त्यावरची फुटलेली जलवाहिनी मात्र आपण एकटे दुरुस्त करू शकत नाही. एखाद्या गल्लीत नळाला पाणीच पोहोचत नसेल, तर त्या गल्लीतल्या मुलीला पाण्याच्या बचतीवर भाषण देणे बरोबर नाही. तेथे गावाने एकत्र बसले पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ग्रामसभेत प्रश्न विचारता येतात. नुसती तक्रार केली तर लोक ऐकून विसरतात. वहीत लिहिलेला हिशेब समोर ठेवला तर उत्तर द्यावे लागते. कोणता नळ किती दिवस गळतो, कोणत्या गल्लीत पाणी पोहोचत नाही, एका घराला रोज किती फेऱ्या कराव्या लागतात, हे मुलांनी लिहून आपल्या वडीलधाऱ्यांच्या हाती दिले पाहिजे.

आमची वही अजून चालू आहे. दरवर्षी नववीचा नवा वर्ग ती पुढे लिहितो. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीच्या अक्षरात एकच ओळ आहे. नवी मुले ती वाचतात आणि तिचा अर्थ विचारतात. मग मी त्यांना ही सगळी हकिकत सांगतो. ती ओळ अशी आहे:

१ बालदी = १ फेरी.

शब्दार्थ

काठोकाठ – अगदी वरपर्यंत
उधळपट्टी – गरज नसताना केलेला खर्च
तिजोरी – पैसे, दागिने ठेवण्याची मजबूत पेटी
मुरणे – (पाणी) जमिनीत झिरपून जाणे
चर – उतारावर खोदलेली लांब नाली
श्रमदान – मोबदला न घेता केलेले कष्टाचे काम
ताळेबंद – जमा आणि खर्च यांचा एकूण मेळ
थक्क होणे – खूप आश्चर्य वाटणे
पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी नळी
कुटार – मळणीनंतर उरलेला भुसा
पत्रावळ – पाने जोडून केलेले ताट
पाणथळ – पाणी साठून राहते अशी (जागा)

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शाळेतील नळाचे काय बिघडले होते?
(आ) आपल्या काळ्या मातीखाली कोणता खडक आहे?
(इ) पैनगंगेचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते?
(ई) पारस येथे वीज कशापासून तयार होते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिवरे बाजारचे गावकरी पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात?
(आ) "'बाहेर' नावाची जागा जगात कोठेच नाही," असे लेखक का म्हणतो?
(इ) लोणारच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
(ई) लेखकाला स्वतःच्या प्रश्नाची लाज का वाटली?

प्र. ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "सर, ही माझी एक फेरी आहे."
(आ) "वेळेवर यायला काय होते?"

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक ______ पाणी होते.
(आ) जे ______ जात नाही, ते जपलेही जात नाही.

प्र. ५. पुढील शब्द उर्दूतही आहेत: जमा, खर्च, हिशेब, जमीन, हवा, जिल्हा, बाजार. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम: एक आठवडा आपल्या घरातील पाण्याचा जमाखर्च लिहा. घरात पाणी कोण आणते किंवा भरते, त्यात किती वेळ जातो, हेही लिहा. आठवड्याच्या शेवटी घरातील सर्वांना तो वाचून दाखवा.